एक्केचाळीस टक्के पुस्तकातलं

माझं बी.कॉम. शेवटच्या वर्षाला राहिलं. बाविसाव्या वर्षी दुबईला निघालो तेव्हा आईला सांगितलं होतं, एका वर्षात परत येऊन परीक्षा देतो. त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. या एकोणतीस वर्षांतली सव्वीस मी दुबईच्या देरा भागातल्या एकाच ऑफिसात काढली. आमची कंपनी कांदा, बटाटा, लसूण, आलं आणि फळं मागवते आणि मी त्यांची कागदपत्रं तपासतो.

हे काम बाहेरच्या माणसाला सांगितलं तर फार साधं वाटतं. माल येण्याआधी बँक एक हमीपत्र देते, त्याला आम्ही एलसी म्हणतो. त्यात मालाचं वर्णन असतं. बाकी जेवढे कागद येतील, बोटीचा दाखला, बिल, मूळ देशाचा दाखला, त्या सगळ्यांवर तेच वर्णन, त्याच शब्दांत, त्याच क्रमाने असलं पाहिजे. नसेल तर बँक कागद परत पाठवते. माझं काम म्हणजे दोन कागद शेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून बघणं.

हे मी पहिल्याच वर्षी महाग पडून शिकलो. एलसीत लिहिलं होतं, ‘भारतीय ताजे कांदे, जाळीच्या पिशव्यांत’. मला ते बरं वाटेना. मी दुरुस्त करून पाठवलं, ‘ताजे भारतीय कांदे’. बँकेने कागद परत केले. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत कंटेनर अकरा दिवस बंदरात उभा राहिला. दार उघडलं तेव्हा मी तिथेच होतो. जाळीच्या प्रत्येक भोकातून हिरवी पात बाहेर आली होती. कंटेनरमध्ये शेत उगवल्यासारखं दिसत होतं. आमचे तेव्हाचे मॅनेजर रागावले नाहीत. त्यांनी एक पात तोडली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “हबीबी, आगे से अपना दिमाग नहीं लगाने का. जो लिखा है, वही लिखने का. खलास.”

ते मी मनावर घेतलं. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेला एकही कागद शब्दाच्या फरकामुळे परत आलेला नाही. ही फुशारकी नाही, नोंद आहे. पुढे जे झालं ते समजायला ती लागेल.

गेल्या वर्षी कंपनीने खोर फक्कानच्या ऑफिसात कागदपत्र विभागाचा प्रमुख नेमायचं ठरवलं. आमचा बराच माल आता तिकडे, पूर्वेच्या किनाऱ्यावर उतरतो. मालकांनी मला बोलावून सांगितलं की जागा तुमचीच आहे, पण त्या हुद्द्याच्या सरकारी कागदांना पदवी लागते. पुढच्या वर्षअखेरपर्यंत आणा. माझी सगळी वर्षं व्हिसावर ‘क्लार्क’ म्हणून गेली. काम प्रमुखाचं आणि कागदावर क्लार्क. दुसऱ्यांच्या कागदावरचा एवढासा फरक मी सोडला नसता.

मुलीने कॉलेज शोधलं. ती दुबई मरीना भागातल्या एका ऑफिसात डिझाइनचं काम करते, आणि इंटरनेटवर काय कुठे मिळतं हे तिला माहीत असतं. अमेरिकेतलं एक छोटं सरकारी कॉलेज, सगळं ऑनलाइन, आणि माझ्या बी.कॉम.च्या दोन वर्षांचे गुण ते धरायला तयार होते. उरले सहा विषय. पाच झाले. सहावा, शेवटचा, होता ‘अमेरिकेचं राष्ट्रीय आणि राज्य सरकार’.

“हा कशाला?” मी मुलीला विचारलं.

“इट्स कंपल्सरी, बाबा. त्या स्टेटचा रूल आहे. एव्हरीवन हॅज टु टेक इट.”

“पण मी त्या राज्यात पाऊलही ठेवणार नाही.”

“दे डोन्ट नो दॅट,” ती म्हणाली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

बायको पोळ्या करत होती. ती वळून म्हणाली, “घ्या शिकून. उद्या त्यांना माणूस कमी पडला तर बोलावतील.”

जानेवारीत वर्ग सुरू झाला. पुस्तक फुकट होतं, स्क्रीनवर वाचायचं. मी ऑफिसातून छापून आणून त्याला दोरा ओवला. खरं सांगायचं तर मी कपाळाला आठ्या घालूनच सुरुवात केली होती. पण तिसऱ्या दिवशी मला तो विषय आवडायला लागला, कारण त्यात आकडे होते. सिनेटचे शंभर, प्रत्येक राज्याला दोन, राज्य केवढंही असो. प्रतिनिधिगृहाचे चारशे पस्तीस, लोकसंख्येप्रमाणे. राष्ट्राध्यक्षाने नाकारलेला कायदा तरीही करायचा तर दोन्हीकडे दोन तृतीयांश, म्हणजे सगळे हजर असताना सदुसष्ट आणि दोनशे नव्वद. राज्यघटना बदलायची तर पन्नासातल्या अडतीस राज्यांची संमती. मी वहीत तक्ता केला. कोणीतरी खूप वर्षांपूर्वी बसून ठरवलं होतं की कोणत्या गोष्टीला अर्धे पुरतील आणि कोणत्या गोष्टीला अर्ध्याहून जास्त लागतील. ज्या माणसांना असा हिशेब सुचला ती मला आपल्यातली वाटली.

दर बुधवारी मला खोर फक्कानला जावं लागतं. आमचा ड्रायव्हर खेड तालुक्यातला, माझ्याहून चार वर्षांनी लहान. एकोणीस वर्षं इथे गाडी चालवतोय, बिऱ्हाड गावी. जाऊन येऊन तीन तास, रस्त्यात पाच बोगदे. पूर्वी आम्ही गाणी ऐकायचो. आता मी मांडीवर ते दोरा ओवलेलं पुस्तक घेऊन बसायला लागलो.

“काय वाचताय साहेब?” पहिल्या बुधवारी त्याने विचारलं.

“अमेरिकेचं सरकार कसं चालतं ते.”

“कसं चालतं?”

“अजून दुसऱ्याच धड्यावर आहे.”

“मग मोठ्यानं वाचा की. मला पण कळूदे.”

इंग्रजी वाचून त्याला कळलं नसतं, म्हणून मी एक परिच्छेद मनात वाचायचो आणि मराठीत सांगायचो. त्याला राजकारण माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याचा भाऊ ग्रामपंचायतीला तीन मतांनी पडलाय, आणि ती तीन मतं कुठल्या घरातली हे त्याला आजही पाठ आहे. दोन तृतीयांश म्हटल्याबरोबर तो म्हणाला, “म्हंजे आमच्या सरपंचावरचा अविश्वास. नवात सहा. पाच जमले होते, सहावा त्या दिवशी मुद्दाम चिपळूणला गेला.” दोन सभागृहं म्हटल्यावर म्हणाला, “विधानसभा नि विधानपरिषद.” एका राज्यात मात्र एकच सभागृह आहे हे सांगितल्यावर त्याने मान हलवली. “शहाणी माणसं. जेवणखर्च वाचला.”

राज्य सरकारच्या धड्यात त्याला दोन धक्के बसले. पहिला, तिकडे राज्यपाल लोक निवडून देतात आणि कारभारही तोच करतो. दुसरा, काही राज्यांत न्यायाधीशही निवडणूक लढवतात. तेव्हा आम्ही तिसऱ्या बोगद्यात होतो. उजेडात आल्यावर तो म्हणाला, “म्हंजे न्यायाधीश माझ्या दारात येऊन हात जोडणार. आणि उद्या माझीच केस त्याच्यापुढं.”

“हो.”

“आणि मी त्याला मत दिलेलं नसलं तर?”

“पुस्तकात हाच प्रश्न विचारलाय,” मी म्हणालो.

“उत्तर काय दिलंय?”

“उत्तर दिलेलं नाही. चर्चा करा म्हटलंय.”

“करतोय की आपण,” तो म्हणाला.

फेब्रुवारीच्या शेवटी मोठा निबंध आला. राष्ट्रीय सरकार आणि राज्य सरकार यांच्यात अधिकार कसे वाटलेले आहेत, पंधराशे शब्द, पूर्ण विषयाच्या तीस टक्के गुण. रमजान चालू होता, ऑफिस दोन वाजता सुटायचं, म्हणून वेळ भरपूर मिळाला. मी नऊ दिवस घेतले. पुस्तकात जी वाक्यं मुद्देसूद होती ती निवडली, योग्य क्रमाने लावली, मधे मधे माझी जोडवाक्यं घातली, आणि शेवटी पुस्तकाचं नाव लिहून पानांचे आकडे दिले. प्रत्येक वाक्य मूळ पुस्तकाशी दोनदा ताडून पाहिलं. एका शब्दाचाही फरक नव्हता. त्या निबंधाइतक्या समाधानाने मी कुठलाच कागद पुढे सरकवलेला नाही.

पाचव्या दिवशी प्राध्यापक बाईंचा ईमेल आला. निबंध तपासणाऱ्या यंत्राने एक्केचाळीस टक्के मजकूर पुस्तकातला असल्याचं दाखवलं होतं. निबंधाला तूर्त शून्य. शैक्षणिक अप्रामाणिकपणाचा अहवाल तयार केला आहे, तो कॉलेजच्या समितीकडे पाठवण्याआधी सात दिवसांत तुम्ही लेखी उत्तर द्यावं किंवा भेट मागावी. सोबत यंत्राचा अहवाल जोडला होता, त्यात माझी एकोणीस वाक्यं लाल झाली होती.

मी तो ईमेल ऑफिसात उभ्यानेच वाचला. सवयीने आधी हिशेब केला. तीस टक्के गेले तर उरले सत्तर. पास व्हायला सत्तरच लागतात. आधीच्या चाचण्यांत माझे तीन गुण गेले होते, म्हणजे यापुढे पैकीच्या पैकी मिळाले तरी सदुसष्ट. नापास. नापास म्हणजे यंदा पदवी नाही, आणि यंदा नाही म्हणजे खोर फक्कानची जागा दुसऱ्याची. इतपत आकड्यांत बसत होतं. ‘अप्रामाणिक’ हा शब्द मात्र कुठल्याच रकान्यात बसेना. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कागदातला खोटेपणा शोधत आलो होतो.

संध्याकाळी घरी सांगितलं. मुलीने अहवाल वाचला आणि हळूच म्हणाली, “बाबा, तू कॉपी-पेस्ट केलंस?”

“पेस्ट नाही केलं. बघून टाइप केलं. एक शब्द चुकलेला नाही.”

“दॅट्स द प्रॉब्लेम, बाबा.”

“शेवटी पुस्तकाचं नाव दिलंय. पानं दिलीत.”

“कोट्समध्ये टाकायचं असतं. नाहीतर स्वतःच्या वर्ड्समध्ये लिहायचं. आम्हाला ग्रेड सिक्समध्ये शिकवलं हे.”

मला सहावीत याच्या उलट शिकवलं होतं. आमचे इतिहासाचे सर ‘पुस्तकातलं जसंच्या तसं’ लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यायचे आणि स्वतःचं लिहिणाऱ्याला विचारायचे, तू कोण मोठा लागून गेलास? नंतर कांद्याने तेच शिकवलं. चाळीस वर्षांत मला कोणी सांगितलंच नव्हतं की असंही एक ठिकाण आहे जिथे शब्द बदलला नाही तर तो गुन्हा.

बायको एवढंच म्हणाली, “अहो, मग जे झालं तेच लिहा त्यांना. तुम्हाला दुसरं काही येतं का?”

मी जेवून लिहायला बसलो. मला एकच पद्धत येते. तक्ता केला, चार रकाने. माझं वाक्य, पुस्तकातलं वाक्य, पान, आणि फरक. ‘फरक’ या रकान्यात सगळीकडे ‘नाही’. यंत्राने एकोणीस वाक्यं धरली होती. मी पूर्ण निबंध पहिल्यापासून पुन्हा ताडला, तेव्हा यंत्राच्या नजरेतून सुटलेली आणखी तीन सापडली. एकूण बावीस. तीही तक्त्यात घातली आणि खाली टीप दिली की अहवालातला आकडा अपुरा आहे.

मुलगी मागे उभी राहून वाचत होती. “बाबा, हे तीन त्यांना माहीत नाहीत.”

“म्हणून तर सांगायला हवं.”

“यू आर गिव्हिंग एव्हिडन्स अगेन्स्ट युअरसेल्फ. तूच शिकलास ना, फिफ्थ अमेंडमेंट? राइट टु रिमेन सायलेंट?”

“ते फौजदारी खटल्यात.”

तिने कपाळाला हात लावला. पण पाठवायच्या आधी तिनेच माझं इंग्रजी वाचून दिलं, आणि ‘रिस्पेक्टेड मॅडम, विथ ड्यू रिस्पेक्ट’ यातला एक आदर काढून टाकायला लावला. तक्त्याच्या वर मी अर्धं पान लिहिलं. मी काय काम करतो, कांद्याचं काय झालं, आणि माझ्या धंद्यात शब्द न बदलणं हाच प्रामाणिकपणा आहे. माफी मागितली, भेटही मागितली.

पाठवल्यावर त्यांचा ईमेल पुन्हा वाचला आणि एक गोष्ट लक्षात आली. आरोप काय तो लेखी कळवला होता. पुरावा जोडला होता. उत्तराला मुदत होती, भेटीचा हक्क होता, आणि तळाला छोट्या अक्षरांत होतं की निर्णय मान्य नसेल तर वर कुठे दाद मागायची. हे सगळं पुस्तकाच्या चौथ्या धड्यात होतं. सरकारने माणसाचं काही काढून घेण्याआधी त्याला कळवलं पाहिजे आणि त्याचं ऐकून घेतलं पाहिजे. धड्यावर मला दहापैकी दहा मिळाले होते. पण तो काय सांगत होता ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या धंद्यात चूक झाली की फोन येतो, आणि फोनवर एकच शब्द असतो, ‘खलास’.

भेट पुढच्या मंगळवारी ठरली. तिकडे सकाळचे आठ, आमच्याकडे संध्याकाळचे पाच. आधी हा फरक दहा तासांचा होता. तिकडची घड्याळं मार्चमध्ये एक तास पुढे करतात, आमची करत नाहीत. हे मी तीन ठिकाणी तपासलं, कारण आणखी एक चूक परवडणारी नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून मी साडेचारलाच स्क्रीनपुढे बसलो.

बाई साठीच्या असाव्यात. मागे पुस्तकांचं कपाट आणि त्याच्या फळीवर झोपलेलं मांजर. त्यांनी मला थेट माझ्या पहिल्या नावाने हाक मारली. बायकोसुद्धा मारत नाही, त्यामुळे क्षणभर कोणाला बोलावताहेत ते कळेना.

“तुमचा तक्ता वाचला,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं शिकवतेय. मला न सापडलेली वाक्यं स्वतः शोधून देणारे तुम्ही पहिले.”

“यंत्र नीट बघत नाही, मॅडम. वाक्य दोन पानांवर तुटलं की त्याला लागत नाही.”

त्या हसल्या. मग गंभीर झाल्या. “तुम्ही फसवलं नाहीत हे मला पटलंय. पण तुम्हाला विषय समजलाय का, हे मला या निबंधावरून कळत नाही. पुस्तक लिहिणाऱ्याला समजलाय एवढंच कळतं. तुमचं काय म्हणणं आहे?”

जे मनात होतं ते मी बोललो. “माझ्या म्हणण्याला इथे काय अर्थ, मॅडम? मी तुमच्या देशाचा नागरिक नाही. जिथे राहतो तिथलाही नाही. जिथला आहे तिथे एकोणतीस वर्षांत मतदान केलेलं नाही.”

“मी तुमचं मतदान विचारत नाही,” त्या म्हणाल्या. “हे सगळं तुम्ही कधी कोणाला तोंडी समजावून सांगितलंय का?”

“ड्रायव्हरला सांगतो. बुधवारी.”

“त्याला कळतं?”

“माझ्यापेक्षा जास्त.”

“अधिकारांच्या वाटणीवर तो काय म्हणाला?”

मी जरा संकोचलो, पण सांगितलं. त्याच्या गावच्या घरासमोर रस्त्यावर एक दिव्याचा खांब आहे. खांब वीज कंपनीचा, बल्ब ग्रामपंचायतीचा, आणि खालचा रस्ता जिल्हा परिषदेचा. दिवा गेला. ग्रामपंचायत म्हणाली तारेत दोष आहे. वीज कंपनी म्हणाली बल्ब बदला. त्यातच रस्त्याचं काम निघालं, म्हणून खांबच हलवायचा ठरला, आणि तो हलवायचा कोणी हे ठरेना. आठ महिने गेले. ड्रायव्हरचं वाक्य मी तसंच सांगितलं, “तिघांनी मिळून अंधार ठेवला.”

बाईंनी चष्मा काढला. “आणि शेवटी कोणी लावला?”

“त्याच्या आईने. बल्ब विकत आणला आणि वायरमनला जेवायला घातलं.”

त्या एवढ्या हसल्या की मांजर उठून गेलं. म्हणाल्या, आमच्या गल्लीच्या टोकाला एक नाला आहे, पाऊस झाला की तुंबतो. शहर म्हणतं जिल्ह्याचा, जिल्हा म्हणतो राज्याचा, राज्य पत्राची पोच देतं. “हे लिहा,” त्या म्हणाल्या. “नाला नको, तो माझा आहे. खांब लिहा. पुस्तकातलं जिथे लागेल तिथे अवतरणचिन्हात घ्या आणि तिथेच सांगा कुठून घेतलंय. बाकी तुमचं.”

निर्णयही त्यांनी तेव्हाच सांगितला. अहवाल समितीकडे जाणार नाही. दहा दिवसांत निबंध पुन्हा लिहायचा, आणि दुसरी संधी म्हणून मिळालेल्या गुणांतून दहा वजा. मी विचारलं की हे लेखी मिळेल का. तासाभरात ईमेल आला. मी तो छापून पुस्तकाच्या दोऱ्यात ओवला.

लिहिणं मात्र सोपं गेलं नाही. पहिले दोन दिवस एक वाक्य झालं नाही. जे सुचायचं ते पुस्तकातलंच निघायचं. ती वाक्यं मी इतक्यांदा ताडली होती की पाठ झाली होती. बुधवारी गाडीत ड्रायव्हरला झालेलं सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “मग काय अवघड आहे साहेब? समजा मी आजच गावाहून आलोय. पहिल्यापासून सांगा.”

सांगितलं. लष्कर, चलन, परदेशाशी करार ही वरच्या सरकारची कामं. शाळा, लग्नाची नोंदणी, गाडीचं लायसन्स ही राज्याची. कर दोघेही घेतात. तो मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारत राहिला. एका राज्यातलं लायसन्स दुसऱ्या राज्यात चालतं का, आणि भांडण झालं तर मोठा कोण. मी उत्तरं देत गेलो. बंदरात कागद मिळायला दोन तास लागले, तेवढ्या वेळात मी बाकावर बसून जे बोललो होतो ते हाताने लिहून काढलं, आधी मराठीत.

इंग्रजी केल्यावर बायकोला वाचून दाखवलं. तिचं इंग्रजी बेताचं आहे, पण माझा आवाज तिला ओळखता येतो. भाजी निवडता निवडता ती हात वर करायची. “हे तुम्ही नाही बोलत. हे पुस्तक बोलतंय.” सहा ठिकाणी तिने हात वर केला. पुस्तक काढून बघितलं, सहापैकी पाच ठिकाणी ती बरोबर होती. यंत्रापेक्षा तिचा हिशेब सरस निघाला. यंत्राने नंतर चार टक्के दाखवले, आणि ते सगळे अवतरणचिन्हातले किंवा ग्रंथसूचीतले होते. मी तपासलं.

एक प्रश्न उरला होता. खांबाची गोष्ट माझी नव्हती, आणि ‘तिघांनी मिळून अंधार ठेवला’ हे वाक्यही माझं नव्हतं. एकदा पोळल्यावर मी ते तसंच कसं घालणार? बाईंना ईमेल केला की संभाषणाचा उल्लेख कसा करतात. त्यांनी पद्धत कळवली. ज्याच्याशी बोलणं झालं त्याचं नाव, कुठे झालं, तारीख.

निबंधाला अठ्ठ्याऐंशी मिळाले, दहा वजा, अठ्ठ्याहत्तर. पूर्ण विषयाला पंच्याऐंशी. बाईंनी शेवटी दोनच ओळी लिहिल्या होत्या. पहिली, की जे कळलं नव्हतं ते आता कळलं. दुसरी, की आईने बल्ब आणला यावर त्यांनी पुढच्या वर्गात चर्चा ठेवली आहे. मला आयुष्यात बरीच प्रशस्तिपत्रं मिळाली आहेत, अचूकतेची, हजेरीची. ‘तुमचं काय म्हणणं आहे’ असं विचारून, ते ऐकून घेऊन, त्याला कोणी गुण दिले नव्हते. त्या बाईंचा मी ऋणी आहे, आणि हे मी त्यांना लिहिलंही, या वेळी एकही आदर न काढता.

पदवी ऑगस्टमध्ये आली, साक्षांकित होऊन ऑक्टोबरात. नव्या जागेचे कागद सध्या चालू आहेत, इन्शाल्ला वर्ष संपायच्या आत होतील.

निबंधाची एक प्रत मी निकाल लागला त्या बुधवारी गाडीत नेली होती. पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा ड्रायव्हरला शेवटचं पान दाखवलं. त्यावर तीन नोंदी होत्या. पहिली, अमेरिकेची राज्यघटना. दुसरी, आमचं पाठ्यपुस्तक. तिसरीत त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मग ‘संभाषण, खोर फक्कानचा रस्ता’ आणि तारीख. त्याने इंग्रजीतलं स्वतःचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. मग कागद स्टिअरिंगवर सपाट करून मोबाइलने फोटो काढला आणि गावी पाठवला.

“चाललं ना?” मी विचारलं. “सगळं बरोबर लिहिलंय?”

त्याने पुन्हा एकदा पाहिलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण तालुका टाकायला पाहिजे होता साहेब. या नावाचे दापोलीत पण दोघं आहेत.”

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी माझ्या प्रतीवर पेनने ‘खेड’ लिहिलं आणि बाजूला सही केली.